न उघडणारी खिडकी

खर्र... खर्र... ओली वाळू आणि नारळाचा काथ्या घेऊन ॲल्युमिनियमचं पातेलं घासल्याचा आवाज. तुमची पहाट कुठल्या आवाजाने उजाडते मला माहीत नाही. कुणाच्या पहाटेला देवळातली घंटा असते, कुणाच्या पहाटेला पाखरं. माझ्या पहाटेला हे पातेलं होतं. चिंचणीच्या आमच्या अंगणात, वाळत घातलेल्या बोंबलांच्या खारट वासात आई दर्याकडे पाठ करून बसायची आणि आधीच लख्ख असलेलं पातेलं पुन्हा घासायला घ्यायची. त्याच वेळी बाबा जाळं खांद्यावर टाकून होडीकडे निघालेले असायचे. त्यांना मागून हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही. आणि ‘परत कधी येणार?’ हे तर मुळीच नाही. दर्यावर निघालेल्या माणसाला हा प्रश्न विचारला की दर्याला तो ऐकू जातो, अशी आमच्याकडची समजूत. होडी दिसेनाशी होईपर्यंत ती खरखर चालू राहायची. आईचं सगळं भय जणू त्या पातेल्याच्या बुडाशी उतरत असे, आणि मी गोधडीत पडल्या पडल्या ते ऐकत असे. लहान मुलाला भय कुणी शिकवावं लागतं का? ते कानांतूनच आत येतं आणि मग तिथेच घर करून राहतं.

आणि नियतीची गंमत पाहा! दर्याला भिणारी तीच मी आज डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत बसते आणि लोकांना क्रूझवर पाठवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती मिळाली म्हणून काचेच्या दारामागची ही खुर्ची मिळाली, वातानुकूलित गारवा मिळाला, या सगळ्याबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे. रेल्वेचं किंवा विमानाचं तिकीट काढताना मी परतीची तारीख अगदी सहज विचारते. पण जहाजाचं नाव निघालं की जीभ अडखळते. तो प्रश्न मी शेवटासाठी राखून ठेवते आणि आधी बाकीचं सगळं विचारून घेते. होडीत पोट ढवळतं का? जिने चढवतात का? रात्री झोप लागते का? पाण्याकडे एकटक पाहिलं की मन शांत होतं की कासावीस?

परवा तलासरीहून एक नवविवाहित जोडपं आलं होतं. त्यांना जहाजाच्या अगदी टोकाची, अगदी वरची खोली हवी होती. मी त्यांना विचारलं, महालक्ष्मीच्या जत्रेतल्या झुलत्या होडीत बसलात ना? टोकाला बसणारा किंचाळतो आणि मधला शेंगदाणे खातो. जहाजाचंही तसंच असतं. मधली आणि खालची खोली सर्वांत कमी हलते. नवरी हसली, नवऱ्याने मुकाट्याने मधली खोली घेतली. आमचे शेठ मात्र कपाळाला हात लावतात. त्यांचं घर गुजराती, बाजाराची भाषा मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. “बेन, तू तर दर्याची पोर! लोक मजा करायला येते आणि तू पहिला सवाल करते, उलटी होते काय? धंदो बंद करवानो छे?” मी हसते. त्यांना कसं सांगू, की योग्य जहाज निवडून देणं म्हणजे माणसाच्या भयाला नीट बसता येईल अशी जागा शोधून देणं असतं!

दिवाळी सरल्यावर एका दुपारी बाई आल्या. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. दहावीनंतर मला मासळीच्या टोपलीशी बसवायचं ठरलं होतं, तेव्हा चिखल्याहून उन्हातान्हाच्या येऊन, बोंबलांच्या वासात पदर नाकाला न लावता, आमच्या ओट्यावर दुपारभर बसून आईचं मन वळवणाऱ्या. त्या आल्या नसत्या तर हा निबंध तुमच्यासाठी कोण लिहिणार होतं? त्यांच्यामागे त्यांचे यजमान, आमचे काका होते. चिखल्याला त्यांची चिकूची वाडी. उभा जन्म मातीत आणि पाण्याच्या पाटात गेलेला, हाताची बोटं चिकूच्या सालीसारखी खरखरीत. दारात चपला काढून ते आत आले आणि पाहुण्यासारखे अवघडून बसले.

“दर्शना, मला बाल्कनीची खोली दे,” बाई म्हणाल्या. “दोन खुर्च्या, दोन कप चहा आणि समोर नुसतं पाणी. जन्मभर किनाऱ्यावरून समुद्र पाहिला, आता समुद्रातून किनारा पाहू. लग्न झाल्या झाल्या यांनी मला शब्द दिला होता. तो यांना आठवतोय तोवर जाऊन येऊ.”

शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं, पण हसू डोळ्यांपर्यंत पोहोचलं नाही. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “परवा मला विचारतात, आपण कुणाकडे आलात? मी म्हटलं, तुमच्याचकडे. चहा घेणार का?”

काकांच्या विसरण्याबद्दलचा पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण दर्यावर निघालेल्या माणसासमोर अशुभ बोलायचं नाही, हे माझ्या रक्तातच आहे. मी तो प्रश्न गिळला आणि संगणकाच्या पडद्यावर मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या जहाजाच्या बाल्कन्या दाखवू लागले. किती सुंदर होत्या त्या! पांढरा कठडा, निळं पाणी, कलणारं ऊन. बाईंचा चेहरा त्या निळाईने उजळून निघाला.

तेवढ्यात कोपऱ्यात शेठ पाण्याचा मोठा बाटला माठात ओतू लागले. त्या खळखळाटासरशी काका ताठ झाले. ते उठले. काचेचं दार सरकवलं आणि अनवाणी, सरळ, कुणीतरी बोलावल्यासारखे रस्त्यावर चालू लागले. एक रिक्षा कर्कश ब्रेक लावत थांबली.

“काका!” मी ओरडले. मागून. आयुष्यात पहिल्यांदा मी निघालेल्या माणसाला मागून हाक मारली होती.

ते थांबले, वळले आणि भर दुपारी मला समजावू लागले, “पोरी, पाणी आलं. मोटर लावायला नको? रात्रीची वीज किती वेळ टिकते! चिकू वाळतील.”

“कुठे चालले हे आजोबा? मरायचंय काय?” रिक्षावाला करवादला. मी काकांचा हात धरला. तो हात उबदार होता, निर्धास्त होता.

तुम्ही शेतीवाडीतले असाल तर तुम्हाला ठाऊकच असेल. शेतपंपाची वीज येते ती बहुधा रात्री. काकांनी उभं आयुष्य रात्री उठून मोटर लावली, अंधारात पाटाचा खळखळाट ऐकत झाडाझाडाला पाणी दिलं. नावं विसरली, नाती विसरू लागली, पण पाण्याच्या आवाजाला ओ देणं देह विसरला नव्हता. आणि मी या माणसाला कुठे पाठवायला निघाले होते? जिथे रात्रभर चहूबाजूंनी पाणीच बोलत असतं तिथे! बाल्कनीचं दार सरकवायला किती वेळ लागतो? आमच्या कार्यालयाच्या दाराइतकाच. त्या पांढऱ्या कठड्यापलीकडे ना रस्ता होता ना ब्रेक लावणारा रिक्षावाला. पहाटेच्या गोधडीत ऐकलेली ती जुनी, ओळखीची खरखर माझ्या कानांत पुन्हा सुरू झाली.

काकांना आत बसवलं आणि मी विचारलं, “बाई, काका रात्री उठतात?”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “रोज,” त्या म्हणाल्या. “नळ ठिबकला तरी उठतात. खोलीच्या दाराला मी बैलाच्या गळ्यातली घंटी बांधून ठेवलीय. ती वाजली की धरून आणते. माझी झोपही आता त्या घंटीच्या आतच असते गं.”

“मग बाल्कनी नको, बाई.”

“म्हणजे? मी दर्यावर जाऊन कोठडीत बसू?”

“कोठडीही नको. बिनखिडकीच्या खोलीत मिट्ट काळोख असतो, काका घाबरतील. मधल्या भागात, खालच्या मजल्यावर एक खिडकी असलेली खोली असते. तिची काच जाड असते, पाण्याचा आवाज फारसा आत येत नाही. आणि ती उघडत नाही.”

“न उघडणारी खिडकी!” बाईंचा आवाज चढला, वर्गात चढायचा तसा. “अगं, खिडकीपाशी बसायला मिळावं म्हणून वर्गात तू मुलींशी भांडायचीस. आणि मला काचेला नाक लावून बसायला सांगतेस?”

शेठ माठापाशी अवघडून उभे होते. आज त्यांना धंद्याची आठवण झाली नाही. मी मान खाली घातली. ज्यांनी माझ्यासाठी एक दार उघडलं, त्यांच्यासमोर मी दुसरं दार बंद करत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती निळाई माझ्या डोळ्यांदेखत विझत होती. कृतज्ञता म्हणजे मागेल ते देणं, असं मी तोवर समजत आले होते. मग या ‘नाही’ला काय म्हणावं?

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका टेबलावरच्या माहितीपत्रकात छापलेल्या जहाजावरून बोट फिरवत होते. शेवटी बाईंनी हळूच विचारलं, “घंटी नेऊ देतील ना गं जहाजावर?”

“देतील. मी विचारून ठेवते. आणि जहाजावरच्या लोकांना काकांबद्दल आधीच कळवून ठेवते.”

निघायच्या दिवशी मी त्यांना पोहोचवायला स्टेशनवर गेले. बाईंच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली घंटी होती. पाऊल पडलं की आत दबकी किणकिण होई. काकांच्या गळ्यात नाव लिहिलेलं कार्ड. मला वाटत होतं, मीही आईसारखी पाठ करावी, काहीतरी घासत बसावं. पण स्टेशनवर पातेलं कुठून आणायचं? गाडी लागली. पायरीवर पाय ठेवता ठेवता काका थबकले, मागे वळले आणि लहान मुलासारखे म्हणाले, “पोरी, आपण परत कधी येणार?”

तो प्रश्न! आमच्या अंगणात कुणीही न उच्चारलेला तो प्रश्न, दर्यावर निघालेल्या माणसाने स्वतःच विचारावा! पण उत्तर मिळाल्याशिवाय त्यांचा पाय पायरीवरून वर जाईना.

“गुरुवारी, काका,” मी म्हणाले. “मी इथेच उभी असेन.”

त्या संध्याकाळी वारा सुटला. एरवी सुखद वाटणारा तो उत्तरेचा वारा मला शत्रूसारखा भासला. समुद्रात गेल्यावर बाईंचा फोन लागेना. किनाऱ्यावर उभी राहून मी दक्षिणेकडे पाहिलं. तिथे अर्थातच काही दिसणार नव्हतं. मी योग्य खोली निवडली, योग्य मजला निवडला, पण त्या खोलीच्या दारामागे जागी असेल ती एक थकलेली बाई आणि एक घंटी. निवड कितीही शहाणी असो, तिच्या पलीकडे जे पाणी उरतं त्याचं काय करायचं? घरी येऊन आईला सारं सांगितलं. ‘गुरुवार’ शब्द ऐकताच तिचा हात थबकला. मग तिने उरलेले बोंबील टोपलीत भरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच आवाज. बाबा आता होडीवर जात नाहीत, भाऊ जातो. आई दर्याकडे पाठ करून बसली होती. खर्र... खर्र... मी उठून दारात येऊन बसले. भावाची होडी पाण्यात शिरली, डुलत डुलत पुढे निघाली. आणि एकाएकी खरखर थांबली.

“बाय,” आई पातेल्यात बघत म्हणाली, “तुझ्या बाई गुरुवारी कितीच्या गाडीने येनार?”

मी वेळ सांगितली. तिने ती पुटपुटत पुन्हा म्हटली, पाठ केल्यासारखी. मग काथ्या बाजूला ठेवला आणि वळून, पहिल्यांदाच, दर्याकडे तोंड करून बसली. तिची बोटं पदरात घट्ट रुतली होती. होडी अजून दिसत होती.