लॅपटॉप पाडून दाखवण्याचा जाहीर कार्यक्रम

माझी धाकटी बहीण वैशाली हिच्यावर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी पावणेअकरा वाजता, चामोर्शीतल्या आमच्याच घरात घोर अन्याय झाला. अन्याय करणारा मी. (आंदोलनाच्या पत्रकात आम्ही आरोपीचं नाव आधी टाकतो.)

लॅपटॉप तिचा. चांगल्या रस्त्याच्या मागणीसाठी मी तो गावोगाव सभांना नेत असे, म्हणजे ज्या रस्त्याविरुद्ध आंदोलन, त्याच रस्त्यावरून, मोटारसायकलवर आदळत. हार्ड डिस्कच्या पोटात एक चकती गरगर फिरत असते. आमच्या खड्ड्यांत ती किती टिकणार? एका सभेत खड्ड्याचाच फोटो दाखवताना तिने मान टाकली. मी ठरवलं, जे हलतं ते काढायचं. स्वतः स्क्रू खोलून एसएसडी बसवली. हिच्यात फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा.

त्या दिवशी अकराला वैशालीची पुण्याच्या कंपनीत ऑनलाइन मुलाखत होती. (पुण्याला तान्हा पोळा ठाऊक नाही, याचा निषेध.)

"दादा, मधातच बंद तं नाई पडन ना?"

नुसतं 'नाही' म्हणून थांबणं मला जमत नाही. मी आईला नि शेजारच्या काकूंना बोलावलं, लॅपटॉप डोक्याच्या वर धरला आणि भाषण ठोकलं, "हा पडला तरी याले काई होत नाई. थांबा, पाडून दाखवतो."

"मंग पाडून काऊन पाहतं?" आई म्हणाली.

मी पाडला.

एसएसडीला खरंच काही झालं नाही. स्क्रीनचा चुरा झाला.

वैशाली तुकड्यांकडे बघून म्हणाली, "आता तुह्या चिपलेच नोकरी लागन."

घाईघाईत केबल लावून लॅपटॉप टीव्हीला जोडला. चित्र आलं. पण कॅमेरा लॅपटॉपच्या झाकणात! ती टीव्हीकडे पाही, मुलाखत घेणाऱ्या साहेबांना तिचा कान दिसे. शेवटी मीच लॅपटॉप छातीशी धरून टीव्हीशेजारी खांबासारखा उभा राहिलो. थोड्या वेळाने हात थरथरू लागले.

"मॅडम, तुमचं घर हलतंय का?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल ओढत थेट आत आली. "भाऊ, बोजारा द्या." (बैलाला ओवाळून पोरांना खाऊ-पैसे द्यायचे, तो बोजारा.) त्यांना थांबा म्हणायला मी वळलो. माझ्याबरोबर कॅमेराही वळला. पुण्याला मुलाखत द्यायला आता रंगीत शिंगांचा बैल हजर होता.

साहेबांनी बैलाला नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "अडचणीच्या परिस्थितीत काम करायची सवय आहे?"

"आहे सर," वैशाली म्हणाली. "परिस्थिती माझा सख्खा भाऊ आहे. तोच लॅपटॉप धरून उभा आहे."

नोकरी लागली. घरात सगळे म्हणतात, दादामुळेच लागली. ज्या सुरात म्हणतात, त्या सुराचा मी निषेध करतो.

वाचकहो, तुमच्या घरी 'थांबा, करून दाखवतो' म्हणणारा कुणी असेल, तर वाचणं सोडा, उठा आणि त्याच्या हातातली वस्तू आधी काढून घ्या. आईचा मिक्सर या क्षणी माझ्या हातात आहे. तिथूनच सुरुवात करा.