राजूर घाटाच्या तोंडाशी उडालेला फ्यूज

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या धाडला अजून वीज आली नव्हती. मोठ्या बहिणीला नर्सिंगच्या मुलाखतीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात हजर व्हायचं होतं. मलकापूरची दुपारची रेल्वे चुकली असती, तर मुलाखतही गेली असती. मामांनी ओळखीच्या व्यापाऱ्याची मोटार मागून आणली, सोबत त्याचा ड्रायव्हर. मीही निघालो.

बुलढाणा मागे पडलं आणि राजूर घाटाच्या तोंडाशी हॉर्न बंद पडला. घाटातली वळणं आंधळी. हॉर्नशिवाय उतरणार नाही, असं ड्रायव्हरनं सांगितलं आणि मोटार कडेला घेतली.

"फ्यूज उडाला," तो म्हणाला.

मामा उतरले आणि वाकून, रस्ता न्याहाळत मागे चालू लागले.

"मामा, काय पाहून राह्यले?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तूच म्हणतं ना उडाला. मंग मांगंच पडला असन. केवढा असते बे?"

"तो कुठी जाते? हाय तिथंच हाय. जयला तो, आतल्या आत."

"मंग जयला म्हण ना. उडाला काऊन म्हणतं?"

ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं. इंजिन त्याला कळत होतं, तारा नाहीत. इंजिनामागच्या पत्र्यावर दोन काळ्या डब्या होत्या. त्यानं मोठी उघडली. आत तांब्याच्या तारेची वेटोळी. "हा कटआउट. डायनामोचा रिले. फ्यूज नाही ह्याच्यात. ह्याले हात नाही लावत," म्हणत त्यानं झाकण पुन्हा बसवलं. तोवर बहिणीनं छोटी डबी उघडली होती. चिमट्यांत बसवलेल्या दोन काचेच्या नळ्या, हेच फ्यूज; त्यातली एक आतून काळी पडलेली. बाजूच्या खाचांत दोन जादा नळ्या होत्या.

एक बसवली. हॉर्न अर्धाच वाजला. तीही जळाली.

मामांनी घड्याळ पाहिलं. ड्रायव्हरनं हात पुढे केला, पण उरलेली नळी बहिणीनं मुठीत घट्ट धरली.

"आधी तार पाहू," ती म्हणाली.

डबीतून निघालेली तार ती बोटांनी चाचपत पुढे गेली. रेडिएटरच्या बाजूला, हॉर्नजवळ, वरचं वेष्टन पत्र्याला घासून सोललं होतं आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. फ्यूज जळालेला असल्यानं तारेत वीज नव्हती. ड्रायव्हरनं जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्या जागी करकचून गुंडाळली. बहिणीनं शेवटची नळी चिमट्यात दाबली.

हॉर्न वाजला. पुन्हा दाबला, पुन्हा वाजला.

घाट उतरताना तो प्रत्येक वळणावर वाजला. मोताळ्याच्या सरळ रस्त्यावरही थांबेना.

"समोर बैलगाडीबी नाही. कोणाले सांगून राह्यला?" मामांनी विचारलं.

"माहं मलेच, वाजते म्हणून," ड्रायव्हर म्हणाला.

मलकापूर स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी येत असल्याचा सिग्नल पडला होता. मामा तिकिटाच्या खिडकीकडे धावले. मी ट्रंक उचलली. गाडी फलाटाला लागली, दोन मिनिटं थांबली आणि हलली, तेव्हा बहीण आत होती. खिडकीतून तिनं हलवलेला हात मनगटापर्यंत काळा होता.

मामा डब्याबरोबर चालत राहिले.

"साबण घेतलं काय वं सोबत?"