मार्सेयचा नाश्ता आणि रोल्लातला हॉर्न

हॉटेल मुलीने बुक केलं होतं, कॅनडातून. नाश्ता मात्र त्यात धरलेला नव्हता. मार्सेयला पोचल्यावर रिसेप्शनवर विचारलं तर माणशी चौदा युरो. मी तिथेच मोठ्याने म्हटलं, "साठ दिरहम. म्हणजे चौदाशे रुपये."

"एका माणसाचे?" बायको म्हणाली. "मग त्यात जेवणपण देतात का?"

मुलीला फोन लावला. "पप्पा, इट्स फ्रान्स. जस्ट गो टू अ बेकरी," म्हणाली आणि तिला क्लासला जायचं होतं.

हा प्रवास बायकोच्या मते निरोपाचा होता. तसं तिने निघायच्या आधीच सांगितलं होतं. मुलगी शिकायला गेल्यापासून शारजातल्या, रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचं मन लागत नव्हतं. "आता सकाळी मी कोणाबरोबर बसायचं? तुम्ही तर काळोखात निघून जाता. फ्रान्सहून आलो की मी रत्नागिरीला जाते, कायमची." मी "बघू, इन्शाल्ला" म्हणालो. ती जायला नको होती मला. पण तेवढं वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

मी काळोखात निघून जायचो हे खरं. त्याचं कारण मात्र मी तिला वर्षानुवर्षं खोटं सांगत आलो. ट्रॅफिक. शारजाहून दुबईला नोकरीला जाणाऱ्याने ट्रॅफिक म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. मी घरून निघायचो आणि दोन गल्ल्या सोडून लाँड्रीशेजारच्या एका कॅफेटेरियासमोर गाडी उभी करायचो. हॉर्न वाजवला की आतून कोणीतरी खिडकीशी येतं, ऑर्डर घेतं, आणून देतं. आमच्याकडे सगळे असंच करतात, गाडीतून कोणी उतरत नाही. कागदी कपात करक, म्हणजे वेलची घालून आटवलेला दाट चहा, आणि अंडं घातलेला पराठा. काचा वर, एसी चालू. अर्धा-पाऊण तास कोणाशी बोलायचं नाही.

तिने फजरच्या नमाजाआधी उठून केलेले घावणे आणि नारळाची चटणी मागच्या सीटवर डब्यात असायची. तो डबा मी ऑफिसच्या पार्किंगमधल्या सिक्युरिटीवाल्याला द्यायचो आणि संध्याकाळी रिकामा घरी आणायचो.

"खाल्लंत सगळं?"

"खलास."

दुसरं काही लफडं असतं तर एकदा भांडण होऊन मिटलं तरी असतं. मला फक्त तिच्याशिवाय थोडा वेळ बसायचं होतं. हे घरच्या बाईला कोणत्या तोंडाने सांगतात, मला अजून माहीत नाही.

मार्सेयलाही मी तेच केलं. पहिल्या सकाळी म्हणालो, "तू पड, मी काहीतरी घेऊन येतो." हॉटेलजवळच्या स्टेशनच्या लांबलचक पायऱ्या उतरलो की कोपऱ्यावर एक छोटा बार होता. आत कामावर जाणारी माणसं काउंटरला टेकून कॉफी पीत होती. त्यांच्या हातातल्याकडे बोट दाखवलं, तर मलाही कॉफी आणि लांब पाव मधून चिरून, भरपूर लोणी लावून दिला. हॉटेलच्या चौथाई किमतीत. पाव कॉफीत बुडवून खाल्ला, आणखी एक कॉफी घेतली. मग बेकरीतून तिच्यासाठी क्रोसाँ घेऊन वर गेलो.

"फार वेळ लागला?"

"रांग होती."

दुसऱ्या दिवशीही रांग होती.

तिसऱ्या दिवशी ती चप्पल घालूनच उभी राहिली. "आज मी येते."

बारवाला मला ओळख दाखवेल, म्हणून मी तिला दुसऱ्याच रस्त्याने खाली बाजारात नेलं. तिथे अरबांची दुकानं, पुदिन्याच्या जुड्या, मसाले. आपल्या रोल्लासारखंच वाटत होतं. एका दुकानात एक बाई तव्यावर चौकोनी, पापुद्र्यांच्या पोळ्या भाजत होती, वर मध ओतून देत होती. मी फुटपाथच्या कडेला थांबलो, आत बघून हात वर केला आणि वाट बघत राहिलो. माझ्या मागून आलेली माणसं आत जाऊन खाऊन बाहेरही आली.

"हॉर्न वाजवा ना," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"बघताय काय? लाँड्रीसमोर वाजवता तसा."

"कोणी सांगितलं तुला?"

"लाँड्रीवाल्याने. शिवाय गाडीत वेलचीचा वास. शर्टावर पराठ्याचे पापुद्रे. शर्ट धुतं कोण?" ती म्हणाली. "आधी वाटलं, माझ्या हातचं आवडत नसेल. पण डबा तर रिकामा यायचा. म्हटलं, दोन्ही खातो हा माणूस. पोट बघा ना."

तिथेच, त्या फुटपाथवर, मी सगळं सांगून टाकलं. ट्रॅफिकचं, सिक्युरिटीवाल्याचं, रांगेचंसुद्धा.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्याला घावणे घालत होते?"

"माणसं बदलत गेली. तिघं-चौघं झाली."

"कोणी नाव तरी काढलं का?"

"एक जण म्हणायचा, चटणी जास्त द्या."

ती हसली नाही. आत गेली. आम्ही समोरासमोर बसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ती खोलीत नव्हती. फोन टेबलावरच. भाषा येत नाही, रस्ता नवा. मी कपडे घातले, खाली लॉबीत जाऊन बसलो. शेवटी आली. ओढणीच्या टोकाला मध लागलेला.

"कुठे होतीस?"

"ट्रॅफिक होतं," ती म्हणाली.

वर आल्यावर पलंगावर टेकली. "बरं वाटतं हो. कोणाला वाढायचं नाही, कोणी काही विचारत नाही. पण मला सांगायचं होतंत. मीही झोपले असते तेवढा वेळ."

"रत्नागिरीला जाऊ नकोस," मी म्हणालो.

"बघू, इन्शाल्ला," ती म्हणाली.

शारजाला परतल्यावर डबा बंद झाला. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, तेव्हा "मॅडम आराम करती है" एवढंच सांगितलं. ती आता उजाडल्यावर उठते. रत्नागिरीचं तिकीट तिने अजून काढलेलं नाही. जाणार नाही असंही म्हणालेली नाही, आणि मी विचारत नाही.

मागच्या शनिवारी ती माझ्याबरोबर कॅफेटेरियावर आली. मी हॉर्नवर हात ठेवला तेवढ्यात ती दार उघडून उतरली. "गाडीत बसून कसलं खायचं? यल्ला, चला." मी गाडी बंद करून तिच्या मागे गेलो. आत तीन टेबलं होती. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

तिने भिंतीकडची खुर्ची घेतली आणि बाजूच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "तुम्हाला एकटं बसायचं असेल तर तिथे बसा. मला चालेल."

मी तिच्यासमोरची खुर्ची ओढली.