नानांच्या वावरातली हातोडाफेक

धुळ्याजवळच्या आमच्या गावात मी हातोडाफेक शिकले ती शेजारच्या नानांच्या शेतात. हातोडा म्हणजे तारेच्या टोकाला लावलेला लोखंडी गोळा, मुठीसकट चार किलोचा. तो पडेल तिथे वीतभर खड्डा. शाळेच्या मैदानाची चाळण झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी सराव बंद केला आणि खेळाचे सर मला घेऊन नानांकडे गेले. नानांच्या कपाशीच्या शेताचा एक तुकडा त्या वर्षी पडीक होता.

खड्ड्यांचं ऐकून नाना म्हणाले, "वावरले काय दुखस का? फेक तू."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतः सिमेंट कालवून फेकीसाठी वर्तुळ करून दिलं. मी तिथे सहा वर्षं सराव केला आणि तेवढी वर्षं त्यांनी त्या तुकड्यात काहीच पेरलं नाही. तेव्हा मला ते साहजिक वाटायचं. सहा वर्षांची कपाशी किती झाली असती, याचा हिशेब मी आता करते.

तिथूनच मी ऑलिंपिकपर्यंत पोचले. पहिल्या दोन फेकी वर्तुळाभोवतीच्या जाळीत गेल्या. तिसरी नीट पडली, पण अंतिम फेरीसाठी पुरली नाही. खोलीवर येऊन नानांना फोन केला आणि तिन्ही फेकी सांगितल्या.

"हातले लागनं नही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग घर ये."

दोन वर्षांनी गुडघा गेला, खेळ थांबला. जळगावात पिंप्राळ्याला राहून मी मुलींना शिकवू लागले. जामनेरहून येणारी एक मुलगी फेकीआधी चार गिरक्या घेताना दरवेळी वर्तुळाबाहेर जायची. मी चार घ्यायचे, म्हणून वर्षभर तिलाही चारच घ्यायला लावल्या.

एका सकाळी ती म्हणाली, "ताई, तीन घेऊन बघू का?"

"तीनमध्ये वेग येत नाही."

"एकदाच."

तिचा हातोडा नेहमीच्या खुणेच्या बराच पुढे पडला. मी टेप लावून दोनदा मोजलं आणि तिला सांगितलं, "माझं चुकलं." ती लाजली आणि हातोडा आणायला पळाली. तेव्हापासून नव्या मुलीला काही सांगण्याआधी मी तिला काय जमतं ते विचारते. ही सवय मला तिने लावली.

राज्य स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. मंचावरून उतरून तिने ते माझ्या हातात दिलं, "ताई, धरा जरा" म्हणाली आणि आईला फोन लावायला गेली. तिचं बोलणं बराच वेळ चाललं. मी पदक धरून खुशाल उन्हात उभी राहिले.