पायांची मापे

शेठजींनी सुतळीच्या तुकड्यांची जुडी दोन बोटांत धरून उंच केली आणि मंडपाला दाखवली.

"गुरुजी, इतके जानवे कोणाले घालून राह्यले तुम्ही?"

मंडप हसला. मुख्याध्यापक हसले. यवतमाळहून शेठजींबरोबर आलेली पाहुणे मंडळी हसली. खाली मातीत रांगेने बसवलेली मुले हसली नाहीत. ती जानवी नव्हती. ती त्यांच्या पायांची मापे होती.

झरी जामणी तालुक्यातल्या या आश्रमशाळेत मी आयुष्यभर मराठी आणि संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतरही येथेच राहतो, सकाळची प्रार्थना घेतो. मुले बहुतेक कोलाम आदिवासींची. शेठजींची कापसाची जिनिंग आहे. वडिलांच्या पुण्यतिथीला ते दरवर्षी येथे दान करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दप्तरे दिली होती. प्रत्येक दप्तरावर दिवंगत वडिलांचा वीतभर फोटो. मेलेल्या माणसाचे तोंड उशाशी घेऊन मुले झोपेनात. पाय लागला की घाबरून नमस्कार करीत. शेवटी मुलींनी सगळी दप्तरे भिंतीकडे तोंड करून खिळ्यांना टांगली. शेठजींना कळले ते एवढेच, की पोरांनी दप्तरे जपून ठेवली.

गेल्या वर्षी मात्र निरोप आला : मुलांना काय हवे ते विचारून यादी करा. मला आनंद झाला. या वयात असा भाबडा आनंद शोभत नाही.

तीन दिवस मी वसतिगृहात फिरलो. मुले आधी काही बोलेनात. मागून मिळते, हा त्यांचा अनुभवच नव्हता. मग एकाने चप्पल म्हटले. नंबर कोणालाच ठाऊक नव्हता. मी जमिनीवर बसलो, एकेक पाऊल सुतळीने मोजले, नावाची चिठ्ठी गाठीत बांधली. कोणी कपडे वाळत घालायला दोरी सांगितली. कोणी उवांची फणी. सहावीतली सोमी सर्वांत शेवटी आली.

"गुर्जी, मले पेटीले कुलूप पायजे. किल्ली मी गयात घालीन."

हे ऐकले आणि साऱ्याच मुलींनी कुलूप लिहायला लावले.

त्या दिवशी मंडपात ती यादी शेठजींनी ध्वनिक्षेपकावरून वाचली. कुलपापाशी थांबले.

"कुलूप? यायच्या पेटीत चोरून न्याले हाय तरी काय?"

पुन्हा हशा. मग त्यांना अधिकच गंमत सुचली.

"कोणाले पायजे कुलूप? आण बेटा तुही पेटी. पाहू दे सगळ्यायले."

मुख्याध्यापकांनी सोमीला खुणावले. ती उठली, आत गेली आणि पेटी घेऊन आली. पत्र्याची, कडी वाकलेली पेटी. फोटो काढणारा माणूस पुढे सरकला. सोमीने पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसली.

"खोल ना बेटा."

"नाई खोलत."

"काहून? काय हाय एवढं त्यात?"

"माहं हाय."

मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले. "गुरुजी, तुमचं स्तोत्र सुरू करा. लवकर."

होय, माझे स्तोत्र. दरवर्षी मी या शेठजींच्या औदार्यावर संस्कृतात नवी रचना करीत असे. त्यांना मेघ म्हटले होते, कल्पवृक्ष म्हटले होते. त्यातले एक अक्षर त्यांना कळत नसे. पण मान डोलत असे. दानाचा विधी मी वर्गात शिकवला होता. घेणाऱ्याला आसन द्यावे. त्याचे पाय धुवावे. मग नम्र होऊन द्यावे. आणि देणारा खुर्चीत, घेणारा मातीत, असे दृश्य वर्षानुवर्षे समोर असता मीच वृत्त सांभाळून गात होतो. शेठजींचा मला तिरस्कार वाटला, त्याहून अधिक माझ्या कंठाचा.

मी उभा राहिलो. "तिने नाही म्हटले आहे," मी म्हणालो. "पेटी उघडली जाणार नाही."

"अहो गुरुजी, मजाक करून राह्यलो मी."

"ज्यांचे पाय धुवून दान द्यायचे, त्यांच्या पायांची तुम्ही थट्टा केलीत. हे दान नाही. स्तोत्रही होणार नाही."

शेठजी उठले. आणलेली खोकी गाडीतून उतरलीच नाहीत. धूळ खाली बसल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "पोरांचं नुकसान तुमच्यापायी झालं, गुरुजी." खरे होते. मुले अनवाणीच वर्गात गेली.

या वर्षी शेठजींच्या मुनिमाचा दूरध्वनी आला. "ब्लँकेटं हायेत. झालं गेलं इसरा. श्लोक तेवढा तयार ठेवा."

मी म्हणालो, "ब्लँकेटे वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे ठेवून जा. मुले रांगेत बसणार नाहीत. फोटो निघणार नाही."

"मंग शेठजी कायले येतील?"

हे दान कशासाठी, याचे या प्रश्नाइतके स्वच्छ उत्तर मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नव्हते. ते आले नाहीत. जंगलाकडून येणारा वारा बोचरा आहे आणि मुले एका पांघरुणात तिघे निजतात, हे मी रोज पाहतो. तरीही माझे उत्तर बदलणार नाही. पांघरुणे मी दारोदार जाऊन मागेन. मागण्याची लाज मला नाही. या मुलांना मात्र यापुढे कोणासमोर मांडू देणार नाही. स्तुती करायला मला देव पुरेसा आहे. त्याने आजवर कोणा लेकराची पेटी उघडून दाखवायला सांगितलेली नाही.