कॉडची बारा डोकी

नॉर्वेतल्या लोफोटेनच्या समुद्रात मासे मोजत फिरणाऱ्या ‘लोमवी’ या आगबोटीवर सिव्हर्ट एकोणीस वर्षं आचारी होता. मासा धरायचा, मापायचा आणि परत सोडून द्यायचा, हा सरकारी उद्योग त्याला कधीच पटला नाही. “माशाला पाहुणचार करून घरी पोचवणारी बोट!” तो म्हणायचा. काही कॉड मासे मात्र कापले जात. माशांचे अभ्यासक डॉक्टर ब्रून त्यांच्या कानातले खडे काढत, खड्यांवरची वर्तुळं मोजून माशाचं वय वहीत त्याच्या लांबीपुढे लिहीत, आणि मग डोकी सिव्हर्टच्या पातेल्यात जात. बोटीवरच्या बाराजणांना वाढायची रीत ठरलेली होती. सगळ्यात मोठं डोकं कॅप्टनला, मग हुद्द्याप्रमाणे, आणि शेवटचं चिमुकलं भट्टीत कोळसा टाकणाऱ्या ओलाउसला.

त्या मंगळवारी डॉक्टरांना बोट लागली. खडे न काढताच ते जाऊन आडवे झाले. सिव्हर्टने बारा डोक्यांचं टोपलं पाहिलं, कुठलं डोकं कुठल्या माशाचं हे सांगणारे, डोक्यांना बांधलेले नंबर फेकले आणि सूप चढवलं.

जेवणं उरकल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि रिकामं टोपलं बघून मटकन खाली बसले. कॅप्टन तोर्गेर्सन गरजले, “सिव्हर्ट, हा माशांचा हिशेब जुळला नाही तर स्वोल्वेर बंदरात सामानासकट उतरायचं!”

सिव्हर्ट उष्ट्या ताटल्या चिवडू लागला. नशिबाने प्रत्येकाच्या ताटलीत काट्यांबरोबर खडेही सापडले.

“पण कुठले कुठल्या माशाचे?” डॉक्टर रडकुंडीला आले.

“सोपं आहे की,” कॅप्टन म्हणाले. “हुद्द्याप्रमाणे लावा. सर्वांत लांब मासा माझा.”

डॉक्टर वर्तुळं मोजू लागले. कॅप्टनचा लांबलचक मासा निघाला सहा वर्षांचा आणि ओलाउसचा वीतभर मासा चौदाचा.

“अहो, इथला मासा वयाबरोबर आखडतो!” डॉक्टर आनंदाने ओरडले. “आजच राजधानीला लिहितो!”

गप्प बसला असता तर सिव्हर्ट सुटला असता. पण या भल्या माणसाला सगळं जग हसणार, हे त्याला बघवेना.

“डॉक्टर, मासा आखडत नाही. मोठं डोकं ओलाउसला जातं.”

“कधीपासून?” कॅप्टननी विचारलं.

“अकरा वर्षं झाली. माझ्या चुलीला चांगला चाळलेला कोळसा तोच वर आणून देतो ना.”

“आणि मला?”

“आकाराने सातवं, साहेब. पण कांदा तुम्हाला जास्त घालायचो.”

कुणाला कुठलं डोकं वाढलं ते सिव्हर्टला विचारून डॉक्टरांनी वही दुरुस्त केली. कॅप्टन लालबुंद झाले. “स्वोल्वेर येईपर्यंत मोठं डोकं मला. तिथे तू चालता हो!”

दुसऱ्या दिवसापासून वर नुसता कोळशाचा चुरा येऊ लागला. कॉफी कोमट, बटाटे टणक, आणि कॅप्टनपुढे भलंमोठं डोकं, पण अर्धं कच्चं. दोन दिवस त्यांनी ते मुकाट्याने चावलं.

तिसऱ्या दिवशी स्वोल्वेर दिसू लागलं. सिव्हर्ट डोळे पुसत पेटी बांधत होता. कॅप्टननी आपली ताटली उचलली आणि ते स्वतः शिडीने खाली भट्टीपाशी गेले.

“ओलाउस, हे धर तुझं डोकं,” ते म्हणाले. “आणि वर कोळसा पाठव बाबा. सिव्हर्ट कुठेही जात नाही.”