मास्टरमोशाईंना वेडं ठरवायचं होतं

"एवढंच लिहा, की माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. बाकी मी बघतो," आमच्या हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंट सान्याल म्हणाले.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी कलकत्त्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात मानसोपचार विभागात होते. पोलिसांनी एका भूमिगत कम्युनिस्ट नेत्याला पकडलं होतं. पूर्वी ते शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्टरमोशाई म्हणत. लॉकअपमध्ये त्यांनी बोलणं आणि जेवणं दोन्ही सोडलं, तेव्हा त्यांना आमच्याकडे आणलं. आजार आहे की सोंग, हे मी ठरवायचं होतं.

ते वेडे ठरले तर सरकारला हवंच होतं. नेता वेडा म्हणजे चळवळही वेडी. त्यांच्या बायकोलाही तेच हवं होतं, पण कारण वेगळं. त्यांना सगळे बौदी, म्हणजे वहिनी म्हणत. व्हरांड्यात माझा हात धरून त्या म्हणाल्या, "दीदी, वेडे आहेत असंच लिहा. वेड्यांच्या इस्पितळात निदान जिवंत तरी राहतील."

त्या काळात लॉकअपमधून परत न आलेली माणसं आम्हाला सगळ्यांनाच माहीत होती.

मास्टरमोशाई भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी बंगालीत नाव, वार, जागा विचारली. मग त्यांनीच मान वळवली.

"तुमचं बंगाली चांगलं आहे, पण तुम्ही बंगाली नाही."

"मराठी. जन्म इथलाच, भवानीपूरचा."

एवढ्यावर ते बोलायला लागले. शेतकरी, जमीन, सत्ता, सगळं मुद्देसूद. प्रत्येक वाक्यात 'आम्ही'. आम्ही ठरवलं, आम्ही केलं. झोपेचं विचारलं तेव्हा मात्र पहिल्यांदा 'मी' आलं. "मी झोपत नाही. डोळे मिटले की माझ्या शब्दावर घर सोडलेली मुलं दिसतात. त्यातली बरीच आता नाहीत. घास घशाखाली उतरत नाही."

आमच्या शास्त्रात 'डिल्यूजन' नावाची गोष्ट असते. म्हणजे चुकीची समजूत, कितीही पुरावा दिला तरी न हलणारी. ती तपासायला मी विचारलं, "क्रांती होणार?"

ते पुन्हा भिंतीकडे वळले. "पूर्वी मी तारीख सांगितली असती. आता माहीत नाही."

ज्याला शंका येते, त्याला डिल्यूजन नसतं. मला माझं उत्तर मिळालं. त्यांनाही ते कळलं असावं.

"डॉक्टर, मला वेडा लिहू नका. ती पोरं एका वेड्याच्या नादी लागून मेली, असं त्यांच्या आयांना ऐकायला लागेल. चुकलो असेन, तर शुद्धीत चुकलो."

बाहेर साध्या वेशातले इन्स्पेक्टर उभे होते. "पार्टीबद्दल काही बोलला?"

"झोप येत नाही म्हणाले."

"बस?"

"माझ्या कामाचं तेवढंच."

मी लिहिलं: शुद्ध, जाण, विचार शाबूत. तीव्र डिप्रेशन. हॉस्पिटलात ठेवून उपचार आवश्यक, तोवर चौकशीस अयोग्य. सान्यालांनी वाचून कागद टेबलावर टाकला. "हे कुणाच्याच उपयोगाचं नाही."

"पेशंटच्या आहे, सर."

त्यांनी सही केली. रागानं, पण केली. काही आठवडे आमच्याकडे काढून मास्टरमोशाई जेवायला लागले, मग जेलमध्ये गेले. जाताना बौदींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

सरकार बदललं तेव्हा ते सुटले. एका सभेत त्यांनी उघड सांगितलं, माणसं मारण्याचा आमचा मार्ग चुकला. मग बौदी कितीतरी वर्षांनी ओपीडीत आल्या. त्यांनाच झोप लागत नव्हती. गोळ्या लिहून घेताना म्हणाल्या, "आता त्यांचे जुने कॉम्रेड म्हणतात, जेलमध्ये डोकं फिरलं."

"आणि ते काय म्हणतात?"

"काही नाही. सकाळी मुलांना इतिहास शिकवतात. पोटभर जेवतात."

नोकरीत मी एवढंच शिकले: वेड्याचं निदान सोपं असतं. अवघड असतो तो शहाणा माणूस, ज्याला वेडा ठरवण्याची सगळ्यांनाच घाई असते.